अक्कांसाठी एक शब्द

"चहा घेता की कॉफी?" असं आमच्या सरांना कुणी विचारायचं नाही, हा शाळेतला अलिखित नियम होता. माझ्यासारख्या नव्याने रुजू झालेल्या कुणी चुकून विचारलंच, तर सर चष्मा काढायचे, पुसायचे, पुन्हा घालायचे आणि कॉफी अरबस्तानातून कशी निघाली, चहा चीनमधून कसा आला हे सांगायला लागायचे. तेवढ्यात घंटा व्हायची आणि सर काहीच न पिता वर्गावर जायचे. शेवटी शिपाई रशीदमामूंनी मला बाजूला घेऊन समजावलं, "म्याडम, सरला इचारायचं नै. समोर आणून ठिवायचं. जे ठिवलं ते पितेत."

गेवराई तालुक्यातलं ते गाव. तलवाड्याच्या अलीकडे एक फाटा लागतो, तिथून आत. माझी पहिली नोकरी तिथल्या शाळेत, मराठी शिकवायची. सर इतिहास शिकवायचे, आणि इंग्रजीला कुणी नसलं की इंग्रजीही. उंच, किंचित वाकलेले. उन्हाळा असो की हिवाळा, बगलेत छत्री. ती उघडायची की नाही यावर एकमत होत नसल्यामुळे मी ती कधी उघडलेली पाहिली नाही. बीडला जायचं असलं की स्टँडवर उभे राहायचे. आलेली गाडी सोडायचे, कारण मागची रिकामी असेल. मागची आली की ती सोडायचे, कारण पहिलीच बरी होती असं त्यांना वाटायला लागलेलं असायचं.

वर्गात मात्र हा माणूस वेगळाच. पानिपतावर काय करायला हवं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आज डब्यात काय आणायला हवं होतं, हे नव्हतं. औरंगाबादेत जुन्या पुस्तकांच्या गाडीवर त्यांना रोमच्या इतिहासाचं एक जाडजूड पुस्तक मिळालं होतं. त्यातले राजे आणि सेनापती शिवाजी महाराजांच्या धड्यातही मधूनच डोकवायचे. पोरं विचारायची, "सर, हे परीक्षेला हाय का?"

"नाही."

"मंग सांगा!"

सरांची बायको होती तोवर त्यांचा काही प्रश्न नव्हता, असं जुने शिक्षक सांगायचे. काय घालायचं, कुठं जायचं, कुणाला किती हसायचं, सगळं बाईच ठरवायच्या. त्या गेल्या आणि सरांनी शर्ट निवडायचा त्रास नको म्हणून सगळे शर्ट पांढरेच शिवून घेतले. लेक लग्न होऊन पुण्याला गेली. मग ते गावातल्या अक्कांच्या घरी दोन खोल्या घेऊन भाड्यानं राहायला आले.

अशा माणसाला सेवाज्येष्ठतेनं मुख्याध्यापक केलं. आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. सर स्वतः तर आजारीच पडले. पण झालं उलटं. पुढच्या काही वर्षांत आमच्या शाळेचं नाव व्हायला लागलं ते सरांच्या निर्णयांमुळे. कसलाही पेच टाका, सर म्हणायचे, "उद्या सांगतो." पोरांनी त्यांचं नावच 'उद्यासर' पाडलं होतं. पण उद्या उजाडला की सरांच्या तोंडून असा काही नेमका निकाल यायचा की दोन्ही बाजू गप्प. विज्ञानाच्या आणि गणिताच्या सरांचं खिडकीजवळच्या टेबलावरून भांडण लागलं. बोलणं बंद, एकमेकांच्या तासाला कुरघोड्या. सर म्हणाले, उद्या सांगतो. दुसऱ्या दिवशी टेबल भिंतीला गेलं आणि खिडकी पाण्याच्या माठाला मिळाली. पाणी प्यायच्या निमित्तानं दोघंही तिथं भेटायला लागले आणि महिन्याभरात पुन्हा बोलायला लागले.

ही अक्कल येते कुठून, ते मला एका संध्याकाळी कळलं. एका कागदावर सही हवी होती म्हणून मी त्यांच्या घरी गेले. अक्कांचं घर रस्त्यालाच होतं. वर स्लॅब, पुढे लांबलचक ओटा. ओट्यावर पाय पसरून, बोटाला मिश्री लावून अक्का बसलेल्या, मांडीपाशी सुपात तूर. समोर प्लास्टिकच्या खुर्चीवर सर, वकील न्यायाधीशापुढे बोलतो तसे बोलत होते. दोन्ही बाजू अगदी बारकाईनं मांडत होते. अक्का तुरीतले खडे काढत मधून मधून नुसतं "मंग?" म्हणत होत्या.

सरांचं संपलं. अक्का म्हणाल्या, "तुमाला काय वाटतं?"

"मला दोन्ही बरोबर वाटतं."

"दोन्ही न्हाई चालत, सर. दोन्ही फकस्त देवाला चालतं."

मला बघून सर जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बसा, बाई. आमची बैठक संपतच आली आहे." अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "पोरगी लई वाळली हाय. जेवून जा." तो माझ्याबाबतचा त्यांचा पहिला सल्ला, आणि तो मी मानला.

अक्का म्हणजे काही देवी नव्हत्या, हे आधीच सांगते. बीडला मामाकडे राहून मॅट्रिक झालेल्या, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणाऱ्या. मालक बरीच वर्षं गावचे सरपंच होते. ते वारले, आता थोरला मुलगा सुदाम सरपंच. घरची शेती चांगली, माणसांचा राबता. पण अक्कांची जीभ धारदार. बांधावरच्या एका बाभळीवरून जावेशी त्यांनी जे वैर धरलं, ते बाभूळ वाळून मोडून पडली तरी सोडलं नाही. आणि त्यांचा सल्ला दर वेळी बरोबरच यायचा असंही नाही. एकदा स्नेहसंमेलन आठवडी बाजाराच्या दिवशी ठेवा असं त्यांनीच सुचवलं. माणसं बाजाराला येतात, तशीच शाळेत येतील म्हणे. माणसं बाजाराला आली आणि बाजारातूनच परत गेली. आमच्या मांडवात एक शेळीवाला तेवढा आला, तोही सावलीला. त्याच्या शेळ्यांनी स्वागताच्या कमानीची आंब्याची पानं खाल्ली. सर शांतपणे म्हणाले, "रोमचं सिनेटसुद्धा चुकत असे."

पण परीक्षेच्या वेळचं त्यांचं डोकं मी विसरणार नाही. दहावीचं केंद्र आमच्या शाळेत होतं. आमच्याकडे पेपर सुरू झाला की भिंतीवर माणसं चढायची. भाऊ, मामा, चुलते, चिठ्ठ्या घेऊन. कुणाला हटकलं तर "ए मास्तर, तुझं काय जातंय बे?" वरून पुढाऱ्यांचे निरोप. सरांनी बंदोबस्त मागितला, तर एक होमगार्ड मिळाला आणि तो स्वतःच एका पोराचा मावसभाऊ निघाला. पहिल्या पेपरच्या आदल्या दिवशी सर ओट्यावर गेले. मीही होते.

अक्कांनी सगळं ऐकलं. "भिंतीवर चढनारे कोन हायेत? गावचेच ना?"

"गावचेच."

"मंग त्यांच्या आयांना बोलवा. भिंतीच्या भायेर लिंबाखाली सतरंजी टाका. म्हणावं, लेकरांची परीक्षा हाय, तुमी बसा, म्हंजे लेकरांना धीर यील."

"आणि मग?"

"मंग काय? बसू द्या."

दुसऱ्या दिवशी कडुलिंबाच्या सावलीला बायांचा हा मेळा. अक्का मधोमध. पेपर सुरू झाला, आणि थोड्या वेळानं भिंतीवर एक डोकं दिसलं. खालून आवाज आला, "आरं ए गजानना! पडशील, मेल्या! खाली उतर!" गजाननाला सगळ्या बायांनी ओळखलं. त्याच्याकडे मग घरच्या म्हशीपासून मोडलेल्या सोयरिकीपर्यंत सगळ्याची चौकशी झाली. तो उतरला. त्याच्या मागचे भिंतीपर्यंत आलेच नाहीत. त्या वर्षी आमच्या शाळेचा निकाल घसरला, लोक चिडले. पण पुढच्या वर्षी पोरं अभ्यासाला लागली, हेही मी डोळ्यांनी बघितलं.

सगळीकडे नाव झालं ते सरांचं. तालुक्याच्या सभेत त्यांचा सत्कार झाला. तिथून आले ते उदास होऊन. हार टेबलावर ठेवला आणि मला म्हणाले, "मराठीच्या बाई, सल्ला देणाऱ्या स्त्रीला मराठीत काय म्हणतात?"

"सल्लागार," मी म्हटलं.

"ते पुरुषासारखं वाटतं. ती बाई आहे हे त्यात दिसत नाही."

"सल्लागारीण?"

"ती सल्लागाराची बायको वाटते. पाटलाची पाटलीण, मास्तराची मास्तरीण, तशी."

"मार्गदर्शिका."

"ते दहावीचं पुस्तक असतं."

मी जरा इरेला पेटले. मंत्रीण म्हटलं, तर ते मैत्रीण ऐकू येतं म्हणाले. मग मी म्हटलं, "कारभारीण घ्या. कारभार बघणारी." कोपऱ्यात कप विसळणारे रशीदमामू इतके हसले की कप हातातून निसटला. "म्याडम, कारभारीण म्हंजे घरवाली! सरला मार खायला लावता का?"

सरांनी मामूंनाच विचारलं, "तुमच्यात काय म्हणतात हो?"

"मुशीर म्हणतेत. सल्ला देनारा."

"आणि बाई असेल तर?"

मामूंनी कप पुसून मांडणीवर ठेवला. "बाईचा सल्ला घेतेत समदेच, सर. पर सांगतंय कोन? म्हणून शब्द ऐकू येत नसंल."

मी म्हटलं, "नुसतं अक्का म्हणा की." त्यावर ते म्हणाले, "अक्का तर त्या साऱ्या गावाच्या आहेत. ते नातं झालं. मला त्यांच्या कामाचं नाव पाहिजे. मी वर्षभरात निवृत्त होणार. तेव्हा मला चार लोकांत सांगायचं आहे की हे माझं नाही, यांचं आहे. नाव नसेल तर लोकांच्या लक्षात कसं राहणार?"

मग काही दिवसांनी ते धावतच शिक्षकखोलीत आले. बगलेत छत्री होती आणि हातात रोमचं पुस्तक. "सापडला! एगेरिया!"

मामू म्हणाले, "मलेरियासारखं काई हाय का?"

सरांनी मग गोष्ट सांगितली. रोमचा पहिला राजा लढवय्या होता. दुसरा, नूमा, शांत स्वभावाचा. त्याला राज्य कसं करावं ते कळेना. नगराबाहेर एका राईत एक झरा होता, त्या झऱ्याची देवता एगेरिया. राजा तिच्याकडे जायचा, ती त्याला सल्ला द्यायची. कायदे, सणवार, पूजाअर्चा, सगळं तिनं सांगितलं तसं राजानं बसवलं. "इंग्रजीच्या कोशात आजही हा शब्द आहे, बाई. सल्ला देणारी स्त्री म्हणजे एगेरिया. आपल्याकडे नाही तर नाही, तिकडून आणू. आपण टेबल आणलं, पेन आणलं, हा शब्द आणायला काय हरकत आहे?"

शब्द मला आवडला. त्याच्या मागे आणखी काय आहे, हे मी विचारलं नाही. आणि सरांनी सांगितलं नाही.

सेवापूर्तीचा समारंभ शाळेच्या पटांगणात झाला. मोठा मांडव, साऱ्या गावाला जेवण. अध्यक्ष सरपंच, म्हणजे सुदाम. तो सरांचाच विद्यार्थी. त्याच्यासाठी तो दिवस तसा महत्त्वाचा होता, कारण पंचायत समितीची निवडणूक जवळ आली होती आणि तो उभा राहणार होता. भाषणं झाली. जो तो सरांच्या निर्णयांचं कौतुक करत होता. माठाची गोष्ट निघाली, लिंबाखालच्या सतरंजीची निघाली. अक्का बायांच्या बाजूला पुढेच बसल्या होत्या, डोक्यावर पदर घेऊन.

सर उभे राहिले. म्हणाले, "आतापर्यंत जे सांगितलं गेलं, ते सगळं खरं आहे. फक्त त्यातला माणूस चुकला आहे. मला आयुष्यात एकही निर्णय घेता आलेला नाही. जे झालं ते मी रोज संध्याकाळी एका ओट्यावर बसून विचारलं आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं." मग त्यांनी नूमा राजाची गोष्ट सांगितली आणि हात पुढे केला. "माझ्या एगेरिया त्या समोर बसल्या आहेत. हा सत्कार त्यांचा आहे."

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग बायांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरांनी. अक्कांनी पदर जरा पुढे ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "बसा आता खाली, लोकांना जेवायचं हाय." मांडव हसला. सुदामही हसला. इतकं सुंदर झालं होतं सगळं.

जेवणं उरकून लोक घरी पोचतात न पोचतात, तोवर कुणीतरी मोबाईलवर तो शब्द शोधला होता. गावाच्या ग्रुपवर एक चित्र आलं. झऱ्याकाठी बसलेली, अंगावर विरळ वस्त्र असलेली एक गोरी बाई. खाली लिहिलेलं: एगेरिया, अप्सरा, नूमा राजाची बायको, काहींच्या मते प्रेयसी. त्याखाली सुदामच्या विरोधी गटातल्या एकानं लिहिलं, 'आपल्या गावात बी एक राजा हाय म्हणं. फकस्त सरपंचाला म्हाईत न्हाई.' त्याच्या खाली हसणाऱ्या तोंडांची रांग लागली.

सकाळी सुदाम सरांच्या दारात आला. हे मला सरांनीच सांगितलं. तो ओरडला नाही. खाली मान घालून म्हणाला, "सर, मी तुमच्या हाताखाली शिकलोय. तुमच्या पाया पडतो. पर खोल्या मोकळ्या करा. काल मी माझ्याच मांडवात येडा झालो."

सर निवृत्त झालेले, पण सवयीनं शाळेतच आले. माझा मोकळा तास होता. मामूंनी नेहमीसारखा चहा समोर आणून ठेवला. सरांनी त्याला हात लावला नाही.

"बाई, जाऊ की राहू?"

मी म्हटलं, "सर, अक्कांना विचारा."

"हे त्यांना कसं विचारणार? या प्रश्नात त्याच आहेत." त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मला माहीत होतं, बाई. ती नूमाची बायको होती, असं पुस्तकात लिहिलेलं आहे. मी म्हटलं, मला फक्त सल्ल्यापुरता शब्द हवा आहे. बाकीचं तिथंच राहील."

"मग थोडे दिवस पुण्याला जा, लेकीकडे. लोक विसरतील."

ते मान हलवत राहिले. मला वाटलं, आता चष्मा काढतील, पुसतील आणि हद्दपार झालेल्या राजांची माहिती सांगायला लागतील. पण ते म्हणाले, "मी गेलो तर लोक म्हणतील, पळाला. माझं काय, मी पुण्यात असेन. ऐकायला त्या इथं असतील." आणि उठले. "माझ्याबरोबर येता का? एकटं जायला धीर होत नाही."

आम्ही बाजारातून गेलो. दुपारचं ऊन होतं. हॉटेलातल्या गप्पा आम्ही आलो तशा थांबल्या. कुणीतरी शीळ घातली.

अक्का ओट्यावरच होत्या. सुदाम खांबाला टेकून उभा. दोघांचं आधी काहीतरी बोलणं झालेलं दिसत होतं. समोरच्या टपरीवर दोघं-तिघं उगाच रेंगाळत होते.

सर ओट्याच्या पायरीशी उभे राहिले. वर गेले नाहीत. "अक्का, आज मी विचारायला आलो नाही. सांगायला आलोय. खोल्या मी सोडतो. सुदामचं बरोबर आहे, घर त्याचं आहे. पण गाव सोडणार नाही. स्टँडजवळ खोली बघतो. आणि रोज संध्याकाळी इथं येणार. तुम्ही नको म्हणालात तर मात्र येणार नाही."

अक्का त्यांच्याकडे बघत राहिल्या. मला वाटतं, त्या माणसाच्या तोंडून सलग इतकी वाक्यं 'किंवा' न येता त्यांनी कधी ऐकली नसावीत. मग म्हणाल्या, "आधी ती गोष्ट पुरी सांगा. अर्धी सांगून गेलात काल. ती बाई त्या राजाची कोन हुती?"

"काही म्हणतात बायको. काही म्हणतात..."

"समजलं. मंग तुमी ते कावून न्हाई सांगितलं?"

"मला वाटलं, त्याची गरज नाही."

"गरज लोकांना आसती, सर. तुमाला न्हाई." त्यांनी सूप मांडीवर घेतलं. "पुढं काय झालं तिचं?"

"राजा मेला. मग ती इतकी रडली, इतकी रडली, की तिचं पाणी झालं. झराच झाली."

"हात् तिच्या!" अक्का एकदम उसळल्या. "येवढी शानी बाई, अन् रडत बसली? मंग राज्य कुनी बगितलं?"

मला हसू आलं. सरांनाही आलं असतं, पण सुदाम मधे बोलला, "आई, तुला हसायला सुचायलंय. लोक दात काढायलेत. आपल्याला ह्या गावात राहायचंय."

"तर! मला बी हितंच राहायचंय." अक्कांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "तुझा बाप ग्रामसभेला जायच्या आधी चुलीपाशी येऊन बसायचा. समदं इचारायचा. अन् तिथं जाऊन म्हणायचा, बायांना काय कळतंय. मी आत बसून ऐकायचे. तू बी तसलाच. परवा पंचायत समितीला कोनत्या गणातून उभं राहायचं, ते कुनी सांगितलं तुला?"

सुदामनं नजर टपरीकडे वळवली.

"म्हणलास का कुठं? ह्या गावातले लई जण माझ्याकडं आलेत, सुदाम. सोयरीक मोडली म्हणून, बांधावरून हाणामारी झाली म्हणून. ती टपरीवर उभी हायेत ना, त्यांचे बाप आलते. समदे मागच्या दारानं. परसातून यायचं, इचारायचं, परसातून जायचं. हा येक माणूस म्होरच्या दारानं आला. अन् माईकवर सांगितलं. शब्द चुकला आसंल त्याचा. पर सांगितलं."

टपरीवरचे एकेक करून निघून गेले. सुदाम खांबापासून बाजूला झाला, चपला घातल्या, गाडी काढली आणि शेताकडे गेला. अक्का बराच वेळ तुरीतले खडे काढत बसल्या. खडे आणि तूर एकत्रच खाली पडत होती. मग मान वर न करता म्हणाल्या, "स्टँडपाशी ती शिंप्याच्या वरची खोली बगा. रशीदचा साडू हाय तो. वारं चांगलं येतं."

सरांनी ती खोली घेतली. आणि बोलल्याप्रमाणे रोज संध्याकाळी, ऊन कलायच्या सुमाराला, सगळा बाजार ओलांडून ओट्यावर यायला लागले. पहिले काही दिवस वाईट होते. पोरं गल्लीतून 'एगेरिया' ओरडत पळायची. एका सकाळी खोलीच्या दारावर कुणी खडूनं मुकुट काढून ठेवला होता. सरांनी तो पुसला नाही, मामूंनी पुसला. अक्कांनी एक केलं. पूर्वी त्या ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात बसायच्या. आता बसायचं पोतं उचलून ओट्याच्या रस्त्याकडच्या कडेला आणलं. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्यांना दिसायचा, आणि त्या प्रत्येकाला. कुणी बघत राहिलं की त्या नावानं हाक मारायच्या, "काय रे, आईचा गुडघा कसा हाय?" मग त्याला थांबून गुडघ्याचं सांगावं लागायचं. हळूहळू गावाला बोलायला दुसरं काही मिळालं.

पण सुदाम निवडणूक हरला. थोडक्यात हरला, आणि त्याचं खापर त्यानं त्या ओट्यावर फोडलं. आईशी बोलणं कामापुरतं. सर दिसले तर गाडी हळू करायचा नाही. सर मला एकदा म्हणाले, "बाई, त्याचं नुकसान माझ्यामुळे झालं, हे खरं आहे. ते मी नाकारू शकत नाही. पण मला त्या दिवशी तो शब्द न बोलता खाली बसता आलं असतं का, याचा मी रोज विचार करतो. नसतं आलं." हे सांगताना त्यांनी चष्म्याला हात लावला नाही.

त्यानंतर माझी बदली झाली, सिरसाळ्याकडे. लग्न झालं, लेकरू झालं. गावाकडे जाणं झालं नाही. मामूंचा अधूनमधून फोन यायचा. सर बरे आहेत, अक्कांना मोतीबिंदू झाला होता, काढला, आता पेपरातलं सगळं पुन्हा वाचतात आणि सगळ्यांना शिव्या देतात.

मागच्या उन्हाळ्यात लेकाला घेऊन मुद्दाम गेले. संध्याकाळी ओट्यावर पोचले तेव्हा दोघं होते तिथंच होते. सर आणखी वाकले होते. अक्कांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आता वजन जास्त झालंय म्हणाल्या. मी पायरीवर टेकले. गावात त्या दिवसांत पाण्याच्या टाकीवरून रण माजलं होतं. टाकी मंजूर झाली होती, पण वरची वस्ती म्हणे आमच्याकडे पाहिजे, खालची म्हणे आमच्याकडे. सकाळीच ग्रामपंचायतीत सरपंच सुदामसमोर खुर्च्या उचलल्या गेल्या होत्या.

शेतावरून माणसं परतायची वेळ होती, रस्ता भरलेला. सुदामची मोटारसायकल आली. तो नेहमी बाजूच्या बोळातून आत जायचा म्हणे. त्या दिवशी गाडी ओट्यासमोरच थांबवली. उतरला. केस पांढरे झाले होते त्याचे. मला बघून ओळखीचं हसला, सरांकडे बघून नुसती मान हलवली. मग थोडा वेळ गाडीच्या किल्ल्या हातात खेळवत उभा राहिला. टपरीवरचे बघायला लागले, समोरून जाणारी बैलगाडी हळू झाली.

"आई," तो मोठ्यानं म्हणाला, "टाकी कुठं बांधायची?"

सरांनी आपली खुर्ची थोडी मागे सरकवली, जागा झाली. अक्कांनी बोटाची मिश्री पदराला पुसली आणि लेकाकडे बघितलं.

"बस की आधी," त्या म्हणाल्या. "येवढं मोठं काम उभ्यानं इचारतेत व्हय?"